उलटा मासा

पंचशीलाला पुण्याच्या ऑफिसला संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवायचा होता, आणि या वेळी ती कळवणारच होती. आजवर तीनदा चांगली नोकरी चालून आली, तीनदा तिने पाय मागे घेतला. महूच्या घरात अधू नजरेचे बाबा एकटे पडले असते. पण काल, रविवारी, त्यांनीच तिला मोकळं केलं. फौजेच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेल्या बाबांनी, नथूजींनी, तिच्या मोटरसायकलची चेन उतरवली, घासलेटात धुतली, तेल देऊन परत चढवली आणि छाती काढून म्हणाले, "आंधळा माणूस हे करेल का? डोळ्यांचं ऑपरेशन झकास झालंय. बेफिकर जा, बेटा." पंचशीलाला आभाळ ठेंगणं झालं.

आज दुपारी सियागंजच्या बाजारात चेन खडखडायला लागली. कोपऱ्यावरच्या संताजी मेकॅनिकने कव्हर खोललं, चेन बोटाने वरखाली करून पाहिली.

"ढील तर एकदम सही आहे, दीदी. पण ये देखो." चेनची दोन टोकं जोडणारी इवलीशी क्लिप अर्धी सुटून लोंबत होती. "लॉक उलटं लावलंय. कोण अनाडी होता? चाक जाम झालं असतं तर सीधे ट्रकखाली!"

ती दहा वर्षांची असताना बाबांनी शिकवलं होतं: ही क्लिप म्हणजे मासा. चेन धावते तिकडे त्याचं डोकं, उघडी शेपटी मागे. बाबा झोपेतसुद्धा चुकले नसते. ढील बोटांना कळते, नखाएवढा मासा मात्र दिसावा लागतो.

पंचशीलाला आता एकेक आठवलं. पेपर रोज "नंतर वाचतो" म्हणून बाजूला पडायचा, चहा बशीत सांडायचा. तिला बाबांच्या थापेचा राग आला. त्याहून जास्त राग स्वतःचा आला, कारण ती थाप तिला हवीच होती.

संताजीने दोन मिनिटांत नवी क्लिप सरळ बसवली. तेवढ्यात तिने पुण्याला लिहून टाकलं, "सध्या शक्य नाही." चौथ्यांदा.

मोबाईल खिशात जातो न जातो तोच बाबांचा फोन.

"कळवलंस का पुण्याला?"

"कळवलं." काय कळवलं ते सांगायची तिची हिंमत झाली नाही.

"शाबास! आणि चेन?"

"एकदम मख्खन, बाबा."

"मग! हात विसरलेला नाही आपला. तू जायच्या आधी पुढच्या रविवारी पुन्हा खोलतो."

ते हात धुवायला उठले की मासा सरळ करायचा, तिने ठरवलं. पुढच्या रविवारी, आणि त्याच्याही पुढच्या.