पहिल्या छत्रीवरची सही

मावशीने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. समोरच्या लांबलचक टेबलावर शेडमधले दोघे, पाहुणी आणि बुटका, मावशीच्याच मुलाची छत्री घडी करत होते आणि तिला बोट लावायची सोय नव्हती. शेडचा नियमच तसा होता. सख्ख्या माणसाची छत्री सख्ख्याने घडी करायची नाही, हात थरथर कापतो म्हणे. एकोणीस वर्षांत मावशीचा हात एकदाही कापला नव्हता. पण नव्या लोकांना हा नियम तिनेच दटावून शिकवलेला, आता मोडणार कुठल्या तोंडाने?

कागदावर त्याला पॅराशूट म्हणत, शेडमध्ये सगळे छत्रीच म्हणत. एकाने कापड ताणायचं, दुसऱ्याने दोर ओढून धरायचे. एकट्याचं ते काम नव्हे. घडी झाली की करणाऱ्याने कार्डावर सही करायची. आणि महिन्यातून एकदा एखादं कार्ड उचलून, ज्याची सही त्याला त्याच छत्रीने विमानातून उडी मारायला लावायची. त्यामुळे सही करताना या शेडमध्ये कुणाला थट्टा सुचत नसे. मावशीच्या स्वतःच्या अकरा उड्या झाल्या होत्या. शेवटची गेल्याच महिन्यात, दुखऱ्या गुडघ्यांसकट.

"तिसरी पट्टी सैल आहे," ती म्हणाली.

"दिसतंय मला," पाहुणी म्हणाली.

"दिसतंय तर ओढ ना मग."

समुद्रापलीकडच्या ज्या देशात गुरुवारी पहाटे मावशीच्या मुलासकट सैन्यातली ही पोरं उतरणार होती, पाहुणी तिथलीच. आठ वर्षांपूर्वी आली, बुटक्याने चेष्टेने पाहुणी म्हटलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तिच्या शहराला तीन महिन्यांपूर्वी वेढा पडला होता. तिची आई तिथे एका तळघरात होती आणि पाणी दिवसाआड मिळत होतं. तेव्हापासून टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहून या दोघी रोज भांडत होत्या. मावशीचं म्हणणं एकच, दुसऱ्याच्या घरात आपण नाक खुपसू नये. मागे असाच मोठेपणा मिरवत आपला देश दुसरीकडे गेला, तेव्हा तिचा नवरा परत आला तो पेटीतून. आणि ज्यांना वाचवायला गेलो, त्यांनीच दोन वर्षांनी दगड मारून हाकललं.

"त्यांनी बोलावलं नव्हतं," पाहुणी म्हणायची. "आम्ही बोलावतोय."

"आम्ही म्हणजे कोण? तू?"

"हो. मी."

"मग तू जा की!"

"नेत नाहीत. विचारून आले मी."



शेवटची घडी बसली. पाहुणीने कार्ड ओढून पेन उघडलं, एवढ्यात शेडचे साहेब धापा टाकत आले.

"थांब थांब, कोरं ठेव ते! मंत्री आलेत. पहिल्या छत्रीवर सही तेच करणार आहेत."

"पण घडी मी केलीय," पाहुणी म्हणाली.

"अगं फोटोसाठी! तुझी सही कोण बघतंय?"

पाहुणीने पेन मिटलं. तिला तर ही पोरं तिकडे जायलाच हवी होती, सही कुणाचीही असो. मावशीने मात्र काखेतले हात बाहेर काढले.

मंत्री आले, त्यांच्यामागे पाच-सहा फोटोवाले आले. बोलले छान, आवाजही गोड. शेजारचं घर पेटलेलं असताना दार लावून बसणारे आपण नव्हे, वगैरे. मग त्यांनी छत्रीवर एक हात ठेवला, दुसऱ्या हाताने ऐसपैस सही ठोकली आणि कॅमेऱ्यांकडे बघून हसले.

"साहेब, मग उडी कधी मारताय?" मावशी म्हणाली.

शेडच्या साहेबांनी डोळे वटारले. ते मावशीला दिसले, पण तिने बघितले नाहीत.

"काय म्हणालात ताई?"

"ही छत्री माझ्या मुलाची आहे. दारातून पहिला तोच बाहेर पडणार. इथे सही म्हणजे शोभा नाही हो. नाही उघडली तर मी जबाबदार, मी हिच्याने उडी मारायला तयार आहे, असा तिचा अर्थ. तुम्ही तर हिचा एक दोरसुद्धा ओढलेला नाही."

"तुमच्या मुलाचा साऱ्या देशाला अभिमान आहे."

"अभिमानाने छत्री उघडत नाही."

मंत्री अजून हसतच होते. "मारली असती उडी, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझ्या."

"माझे तर दोन्ही दुखतात. गेल्या महिन्यात मारली मी."

एका फोटोवाल्याला हसू आवरलं नाही. मंत्र्यांनी घड्याळ बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि सगळा लवाजमा आला तसा निघून गेला.

साहेब गाडीपर्यंत पोचवून परत आले ते लालबुंद होऊन. "उद्यापासून यायचं नाही तुम्ही!"

"उद्याचं उद्या. आज हे कार्ड बाद झालंय. छत्री खोलावी लागेल."

"घडी बरोबर आहे ना? जाऊ दे तशीच. पाचला ट्रक येतोय."

"ज्याची घडी त्याची सही. नाहीतर ती घडीच नाही," असं म्हणत मावशीने गाठ सोडली, आणि तासाभराची मेहनत टेबलावर भसकन पसरली. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि ते चालते झाले. बुटक्याच्या पोटात अचानक दुखू लागलं. बाकीच्यांना जेवणाची आठवण झाली.

राहिल्या दोघी.

"मजा आली तुम्हाला?" पाहुणीचा आवाज चिरकला. "उद्या सगळीकडे छापून येईल. लोक हसतील. म्हणतील, कशाला जायचं, राहू दे. आणि माझी आई बसेल तिथे पाण्याची वाट बघत."

"नाही गेले तर बरंच होईल."

"तुमचं बरं होईल!"

ते खरं होतं आणि खोटं बोलायची मावशीला सवय नव्हती. पाहुणीने नाक पुसलं, कापडाचं टोक उचललं आणि दोरांकडे पाहिलं. दुसरे हात नव्हते. मावशी निमूटपणे पलीकडच्या टोकाला गेली आणि तिने आपल्या मुलाच्या छत्रीचे दोर मुठीत घेतले.

"मावशी, तुमचा हात कापतोय."

"कापू दे. तू ताण."

एकेक पट्टी त्यांनी दोनदोनदा तपासली. तिसरी तर चारदा. पाचला दहा मिनिटं असताना पाहुणीने नव्या कार्डावर सही केली. मावशीने तिच्या हातातून पेन घेतलं आणि खाली आपली सही केली.

साहेब कार्ड बघून वैतागले. "दोन सह्या? आणि त्यातली एक आईची? हे कुठल्या नियमात बसतं?"

"मग दोघींना उडी मारायला लावा," मावशी म्हणाली.

साहेबांनी बाहेर हॉर्न देणाऱ्या ट्रककडे पाहिलं आणि कार्ड खिशात सरकवलं. हमाल आला, छत्री खांद्यावर टाकून घेऊन गेला. ट्रक वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत दोघी दारात उभ्या होत्या.

"पोरगा संध्याकाळी भेटून जाणार आहे," मावशी म्हणाली. "तुझ्या आईचं ते तळघर कुठेशी आहे?"

तीन महिने भांडण चाललं होतं, पण हे मावशीने कधी विचारलं नव्हतं.

"जुन्या टपाल कचेरीच्या मागची गल्ली. डावीकडचं चौथं घर. घंटा चालत नाही. खाली वाकून जाळीवर ठोकायचं."

"किती वेळा?"

"तीनदा. नाहीतर ती उघडणार नाही."

"जुनी टपाल कचेरी. डावीकडचं चौथं. तीनदा," मावशीने एकेक बोट दुमडत घोकलं. "आणि ऐकून ठेव. जाऊ नये, असंच माझं म्हणणं आहे. आजही आहे, उद्याही राहील."

"माहीत आहे," पाहुणी म्हणाली, आणि तिने पत्ता पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला.