रुखमाबाईंच्या खांद्याचा सूड

मी सुई बोलतेय, आणि मनात राग धरून बोलतेय. मी कपडे शिवणारी नाही, इंजेक्शनचीही नाही. माझ्या पोटात औषध नसतं. दुखऱ्या स्नायूत बसलेल्या गाठीत शिरायचं, तिला सोडवायचं आणि एकाच माणसाच्या कामी येऊन संपायचं, एवढंच माझं आयुष्य.

कळंबच्या फिजिओथेरपिस्ट पायल मॅडमच्या दवाखान्यात मी सीलबंद पाकिटात पडून होते. माझ्या बऱ्याच बहिणी रुखमाबाईंच्या उजव्या खांद्यात गेल्या. रुखमाबाई वसतिगृहात स्वयंपाक करतात. दीडशे मुलांची खिचडी रोज त्याच हातानं ढवळून खांद्यात सुपारीएवढी गाठ बसलेली. केस विंचरायलाही हात वर जाईना.

"काकू, ढवळणं सुरूच राह्यलं तं गाठ परत येईन," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चिठ्ठी दिली: महिनाभर यांना दुसरं काम द्यावं.

पुढच्या खेपेला रुखमाबाई रडतच आल्या. अधीक्षक वामनरावांनी सगळ्यांसमोर चिठ्ठी भिरकावली होती. "सोंग आहे हे! गाठ दिसते का कुठी? सोमवारपासून ढवळणं होत नसन, तं येऊच नका."

"माह्यं काम गेलं तं मी काय करू, मॅडम?"

माझा नुसता जळफळाट झाला. त्या माणसाची मान एकदा माझ्या तावडीत येऊ दे, एवढंच मी घोकत राहिले.

आणि शनिवारी ती मान आली! वामनराव फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून मोटरसायकल चालवतात. मान एका बाजूला वाकडी, ती सरळच होईना. पडद्यापलीकडे रुखमाबाई खांदा शेकत पडल्या होत्या, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मॅडम, जीव चालला माहा!"

मॅडमनी पाकीट फाडलं, ते नेमकं माझं. त्यांच्या बोटानं गाठ हेरली आणि मी आत घुसले. आजवर इतक्या हौसेनं कुठलीच सुई शिरली नसेल. स्नायू मासळीसारखा उडाला.

"अवो माय वो! आत कोण पिळून राह्यलं?"

पडद्याआडून शांत आवाज आला, "सायेब, गाठ दिसते का कुठी?"

वामनरावांनी आवाज ओळखला आणि डोळे मिटून घेतले. मी मात्र आणखी दोनदा वरखाली झाले. मॅडमच्या हातानं, पण माझ्या मनानं.

एकच हळहळ आहे. उठल्यावर त्यांची मान वळली. सूड घ्यायला गेले आणि बरं करून आले, माझी जातच तशी. पण मॅडमनी तीच चिठ्ठी पुन्हा लिहून पुढ्यात ठेवली. वामनरावांनी मान खाली घालून सही केली. आता मान खालीही जात होती ना!

आता मी वापरलेल्या सुयांच्या पांढऱ्या डब्यात आहे. उद्या दवाखान्याचा कचरा नेणारी गाडी येईल आणि मी संपेन. जाता जाता सांगते, दुखतंय म्हणणाऱ्याला सोंगाडी म्हणू नका. कपाटात माझ्या साठ बहिणी आहेत. त्यांनी सगळं ऐकलंय.