बापाच्या मागं एक पाऊल

फोटोला माणूस कसा बसवायचा, हे उंब्रजच्या फोटोवाल्या दिलावरला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तात्याबापुढं त्याचं काही चाललं नाही. म्हातारा खुर्चीत ऐसपैस बसला आणि रजा संपवून लढाईवर परत निघालेला त्याचा लेक कृष्णात मागं उभा राहिला.

आभाळ भरून आलेलं, अंगणात उजेड बेताचा. भिंगाचं तोंड बारीक ठेवलं तर बापलेक दोघंही स्वच्छ येणार, पण फोटोला वेळ लागणार आणि तेवढा वेळ कुणी हलता कामा नये. आणि तात्याबाची मान तर सारखी कापायची. तोंड मोठं उघडलं तर काम झटक्यात होणार, मात्र एकाच अंतरावरचं तेवढं नीट उठणार.

"कृष्णात, खुर्चीच्या बाजूला बापाच्या रांगेत ये गड्या," दिलावर म्हणाला. "मागं तू पुसट येशील."

"आबांच्या बराबरीनं हुबा ऱ्हाऊ व्हय?" कृष्णातनं जीभ चावली. तात्याबानं खुशीत मिशीवरनं हात फिरवला. जाणारा कोण आणि मान कुणाचा, याचा विचार त्या घडीला कुणालाच सुचला नाही. दिलावरनंही ताणलं नाही. त्यानं भिंग मोठं उघडलं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर नेम धरला आणि फोटो घेतला.

चव्वेचाळीस साली कृष्णात इटलीत पडल्याची तार आली. मागं तान्हा मुलगा. त्यानं बापाला पाहिलंच नव्हतं. दिवसकार्य उरकून तात्याबा दिलावरच्या दुकानात आला.

"फोटू मोठा करून दे. पोराला बापाचं तोंड दावाय पायजे."

दिलावरनं मोठा करून पुढ्यात ठेवला. म्हाताऱ्याची सुरकुती न् सुरकुती उठलेली. मागं कृष्णातचा चेहरा मात्र धुरकट, डोळे कुठले नि नाक कुठलं कळेना.

"मीच दिसतुया की रं सगळीकडं," तात्याबा म्हणाला. "ह्या थोबाडाला काय करायचंय? काप मला. धुरकट तर धुरकट, त्येला एकट्याला ठेव."

दिलावरनं कात्री उचलली, फोटोतल्या तात्याबाच्या खांद्याशी आणली आणि थांबला. खुर्चीच्या पाठीवर कृष्णातनं हात ठेवला होता. बापाच्या अंगालगत होता म्हणून तेवढा हात लख्ख आला होता. नखं, शिरा, ऊस तोडताना कोयता लागून राहिलेला अंगठ्यावरचा व्रण.

"आवं, तुमाला कापलं तर ह्यो हात बी जाईल," दिलावर हळूच म्हणाला.

तात्याबा वाकला. मग त्या व्रणावर बोट ठेवून म्हातारा लहान पोरासारखा रडला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मग मला बी ऱ्हाऊ दे."