कच्चं खत

माळिणीनं वाफ्याच्या कडेचं एक कोवळं रोप दोन बोटांत धरून हळूच उपटलं. मुळाच्या माथ्याशी मिरीएवढ्या काळ्या बीचं टरफल अजून चिकटलेलं होतं. तिनं ते नखानं सोलून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

“आमच्याच खतातून आलंय, बाई,” ती म्हणाली. “गुलबक्षी आहे. अर्ध्या तासात सगळी काढून देते.”

“काही काढू नकोस,” हेडबाई म्हणाल्या. “पाच वाजू देत. तोवर बस.”

हेडबाईंना मुलींच्या शाळेतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण त्या ‘बस’ म्हणाल्या की माणसं अजूनही बसत. माळीण पायरीवर बसली. खुरपं मांडीवर ठेवलं, मग खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. हेडबाई दोन महिने लेकाकडे राहून कालच परतल्या होत्या. तेवढे दिवस फाटकाला कुलूप होतं आणि बागेत फक्त ठिबकची नळी चालू होती. आज दुपारी त्यांचा फोन आला, की येऊन वाफा बघून जा. पुढे एक शब्द नाही. बारा वर्षांत त्यांनी असं कधी बोलावलं नव्हतं.

वाफ्यात पांढरी शेवंती होती, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावी तशी ओळीत लावलेली. आता त्या ओळी शोधाव्या लागत होत्या. गुलबक्षीनं गुडघाभर वाढून सगळ्यांना कोपऱ्यात रेटलं होतं.

चूक कुठे झाली ते माळिणीला पक्कं ठाऊक होतं. ती आणि तिचा नवरा घरोघरच्या बागांतला पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या, कापलेलं गवत टेम्पोत भरून आपल्या आवारात नेत. फांद्या यंत्रातून बारीक करत, सगळ्याचा मिळून ढीग लावत आणि काही महिन्यांनी त्याचं खत पोत्यांत भरून ज्याच्या त्याच्या घरी परत पोचवत. जाळायचं नाही, फेकायचं नाही. ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही, आणि त्या तापात बी मरतं. पण कडेचा माल आत आणि आतला बाहेर, असा तो तीनदा तरी परतावा लागतो. या खेपेला नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. दवाखाना, घर आणि आवार यांत तिची तारांबळ उडाली आणि ढीग दोनदाच परतला गेला. चालून जाईल, असं तिनं मनाला समजावलं होतं. चाललं नव्हतं.

तेही कुणाच्या दारी? एक हातगाडी आणि उसना कोयता घेऊन दोघं कामं शोधत फिरत होती, तेव्हा पहिली बाग हेडबाईंनी त्यांच्या हाती दिली होती. मग स्वतः गल्लीत फिरून चार घरं मिळवून दिली. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात डबा घेऊन आल्या, आणि नवऱ्याला दम भरला की डॉक्टर सांगतील तसं चालायचं, शहाणपणा नको. आपल्या सख्ख्या माणसांनी एवढं केलं नव्हतं. या बाईंनी उद्या ‘आता नको’ म्हटलं तर बाकीची घरं टिकतील न टिकतील, पण पुन्हा या पायरीवर बसता येणार नाही, हेच तिला सगळ्यात जास्त लागणार होतं.

“बाई, आमची चूक झाली,” ती म्हणाली. “ढीग एकदा कमी परतला. ह्यांच्या गुडघ्याच्या वेळी.”

“गप्प बस आणि तिकडे बघ,” हेडबाई म्हणाल्या.

पाच वाजून गेले होते. कळ्यांचे पीळ सैल पडत होते. पहिलं फूल उमललं ते पांढरं होतं, त्यावर राणी रंगाचे शिंतोडे. त्याच झाडावरचं दुसरं निम्मं पांढरं, निम्मं राणी, मधोमध आखून दिल्यासारखं.

“माहेरी आमच्या मागच्या दारी हेच होतं,” हेडबाई म्हणाल्या. “भांडी घासायच्या दगडाशी. मी आईला म्हणायचे, एक रंगाची लाव, जरा बरी दिसतील. ती म्हणायची, त्यांचं त्यांना ठरवू दे.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “घर गेलं तेव्हा बी कुणी घेतलं, मला माहीत नव्हतं.” चष्मा पुन्हा लावत त्या म्हणाल्या, “म्हणजे, माहीत होतं.”

माळीण खुरप्याच्या पात्यावरची माती नखानं खरवडू लागली.

तिसऱ्या गल्लीत हेडबाईंची धाकटी बहीण राहत होती. ती नर्स होती, म्हणून सगळे तिला नर्सबाई म्हणत. तिच्या मागच्या भिंतीला लागून हीच फुलं होती, आणि हिवाळ्यात सुकल्यावर ती बियांसकट माळिणीनंच कापून नेली होती. दोघी बहिणींत अकरा वर्षांचा अबोला होता. आईला शेवटी कुणाकडे ठेवायचं यावरून वाद झाला. आई धाकटीकडे गेली, तिथेच वारली, आणि थोरलीला निरोप अर्धा दिवस उशिरा मिळाला. माळीण दोन्ही घरी जाई. बागेचं काम करणाऱ्याला प्रत्येकाचं मागचं दार दिसतं, म्हणून नवरा-बायकोनं पहिल्या दिवसापासून नेम केला होता, की इकडची गोष्ट तिकडे करायची नाही. बारा वर्षांत तो मोडला नव्हता. आणि आता खतानंच जाऊन चहाडी केली होती.

“तुला मी काही विचारत नाहीये,” हेडबाई म्हणाल्या. “तुमचा नेम चांगला आहे, तो सोडू नका. मी तुला आभार मानायला बोलावलं.”

“पण बाई, शेवंती…”

“शेवंती कुठेही मिळते.” त्या उठल्या. “जाताना फाटकापाशी कचऱ्याचं पोतं आहे, ते घेऊन जा.”

आवारात नवरा स्टुलावर बसून, काठी शेजारी टेकवून, पोती निवडत होता. पानं एकीकडे, फांद्या एकीकडे. हेडबाईंच्या पोत्यात त्याचा हात थबकला. वरच्या पाचोळ्याखाली ओल्या फडक्याची सुरळी होती, तिला दोऱ्याचे तीन वेढे. आत जाईची फांदी, जमिनीला टेकून मुळं धरलेली, माती न झडता खणून काढलेली. हेडबाईंच्या पुढच्या दारची जाई त्यांच्या आईनं लावलेली होती, हे दोघांनाही माहीत होतं.

“चुकून आलं का गं हे?” त्यानं विचारलं. “कुठल्या ढिगात टाकू?”

“ढिगात नको,” माळीण म्हणाली. “पाणी शिंपडून सावलीत ठेवा. उद्या फेरीला माझ्याबरोबर येईल.”

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंचं घर नेहमीसारखं सगळ्यात शेवटी आलं. माळिणीनं आधी त्यांचा कचरा भरला, मग सुरळी पुढे केली.

“कचऱ्यात निघालं,” ती म्हणाली. “टाकवेना.”

ती खोटं बोलली नव्हती आणि नेमही मोडला नव्हता. नर्सबाईंनी दोऱ्याचे वेढे एकेक करून सोडवले. ती जाई कुठल्या दारची, हे त्यांनी पाहताक्षणी ओळखलं. दोरा बोटाभोवती गुंडाळून ठेवला. मग आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि मुळांवर ओतलं.

माळीण टेम्पोशी पोचली तोवर त्यांनी हाक मारली.

“अगं, तुमची फेरी सुरू कुठून होते?”

“हेडबाईंकडून,” माळीण म्हणाली. या फाटकाशी ते नाव तिनं आजवर काढलं नव्हतं. “मग एकेक घर करत इकडे.”

“पुढच्या आठवड्यापासून उलटी कर,” नर्सबाई म्हणाल्या. “आधी माझ्याकडे ये. मग तिकडे जा. माझ्याही कचऱ्यात काही निघेल.”

“बरं,” माळीण म्हणाली, आणि फाटक हळूच ओढून घेतलं.