खणाआडचा दिवा

सोसायटीची पिकअप ट्रॅक्टरला बांधून ओढत आणलेली दिसली, तशी गुंडप्पाच्या कपाळावर आठी पडली. पंधरा दिवसांत ही तिसरी खेप. केजच्या रस्त्यावर त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान वीस वर्षांचं होतं आणि एकदा बरी केलेली गाडी तेच दुखणं घेऊन परत येण्याची रीत तिथं नव्हती. ही गाडी मात्र त्याची अब्रू घालवायलाच निघाली होती.

ड्रायव्हर रामहरी खाली उतरला. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. दूध संस्थेची ही जुनी पिकअप बारा वर्षं तोच चालवत होता आणि मुक्कामाला आपल्या वस्तीवर नेत होता.

"ब्याटरी पुन्हा बसली, आप्पा. काटे बी तसंच. डिझेल टाकलं तरी काटा तळाला, इंजन उकळलं तरी काटा थंड. आजच्या आज कायतरी करा. सुनंचे दिवस भरत आलेत."

गुंडप्पानं बॉनेट उघडलं. रामहरीच्या सुनेची, शिवकन्येची, आधीची दोन बाळंतपणं वाया गेलेली सगळ्यांना ठाऊक होती. डॉक्टरीणबाईंनी या वेळी बजावलं होतं, कळा सुरू झाल्या की घरी एक घटका थांबू नका. दुष्काळाच्या या तिसऱ्या साली जीपवाल्यांनी वस्तीकडची फेरी कधीच बंद केली होती. धक्का मारायचा तर तरणे गडी, शिवकन्येच्या नवऱ्यासकट, जनावरं घेऊन सोसायटीच्या चारा छावणीवर राहायला गेलेले. दूध आटलं म्हणून पिकअपही आता दोन दिवसांआडच निघत होती.

"गाडीत नवं काही बसवलंस का? टेप, भोंगा?"

"न्हाई," रामहरी म्हणाला, आणि रस्त्याकडे बघत राहिला.

आधी दोन्ही वेळा गुंडप्पानं जुन्या बॅटरीला शिव्या देऊन ती गाडीतच चार्ज करून दिली होती. बाहेर काढू द्यायला रामहरी तयार नव्हता. तेव्हाच आपल्याला शंका यायला हवी होती, असं आता त्याच्या मनात आलं. त्यानं करंट मोजायच्या मीटरच्या दोन्ही पिना आधी जोडून घेतल्या आणि मगच बॅटरीचं टर्मिनल उचललं. करंट क्षणभर तुटला तरी गाडीतलं घड्याळ बंद पडतं, तसल्या गाड्या हाताळून हाताला लागलेली ती सवय होती. चावी बंद, दारं बंद, तरी मीटर करंट दाखवत होता. कुणीतरी गुपचूप बॅटरी पीत होतं.

त्यानं एकेक फ्यूज काढला. दिव्यांचा काढला, हॉर्नचा काढला. शेवटचा फ्यूज हातात आला तरी मीटरवरचा आकडा ढिम्म हलेना. भर उन्हात गुंडप्पाच्या अंगावर काटा आला. मग ग्रीसच्या थराखाली त्याला एक बारीक लाल वायर दिसली, थेट टर्मिनलवर आवळलेली. तिच्यामागं बोटं फिरवत तो डॅशबोर्डच्या कप्प्यापर्यंत पोचला.

"तिथं हात लावू नका!" रामहरी ओरडला.

तोवर कप्पा उघडला होता. आत हिरवा खण आणि खणाआड लिंबागणेशच्या गणपतीची तसबीर. तिच्यापुढं लाल बल्ब जळत होता. बल्बची दुसरी वायर डॅशबोर्डच्या काट्यांच्या गंजलेल्या अर्थिंगच्या बोल्टखाली दाबली होती. काटे खोटं का बोलत होते तेही कळलं.

"नवस हाय," रामहरीचा आवाज एकदम उतरला. "सांगायचा नसतो, म्हनून बोललो न्हाई. मागच्या खेपंला घरात समई ठिवली होती. वाऱ्यानं इझली आन् त्याच दिवशी लेकरू गेलं. ह्याला वारा लागत न्हाई. बाळंत होस्तोवर इझू द्यायचा न्हाई, आप्पा."

"अरे बाबा, हाच तुझी ब्याटरी खातोय! गाडी दोन दोन दिवस उभी, मग सुरू कशी व्हावी?"

"आठ दिवसांचा तर परश्न हाय."

गुंडप्पानं पकड वायरीवर नेली. एवढंसं दाबलं की झालं. पण उद्या काही वाकडं झालं तर दिवा विझवणारा आपण ठरू, हा विचार आला आणि त्याचा दुसरा हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडे गेला. पकड त्यानं खिशात टाकली.

"उद्या दहाला ये. लाईट आली की एक जुनी ब्याटरी चार्ज करतो. दिव्याला ती वेगळी जोडू, न विझवता. तोवर गाडी बंद ठेवू नको फार."

शेजारच्या हॉटेलातल्या चौघांनी धक्का मारला आणि पिकअप गेली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले. रामहरी आला नाही. गुंडप्पाला बसवेना. भरलेली बॅटरी मोटारसायकलला बांधून तो रामहरीच्या वस्तीकडे निघाला.

पिकअप अंगणापासून वीस पावलांवर उभी होती. मागच्या फळीवरच्या धुळीत हातांचे ठसे होते, बांगड्यांचे ओरखडे होते. बायकांनी ढकलून पाहिलं होतं. घरातून शिवकन्येचा दबका हुंदका येत होता. उंबऱ्यावर रामहरीची बायको भिवराबाई मांडीवर लहानसं गाठोडं घेऊन बसली होती आणि गाठोडं हलत नव्हतं.

"पहाटंच कळा आल्या," ती म्हणाली. "चावी फिरवली, नुसतं टक वाजलं."

रामहरी ड्रायव्हरच्या सीटवरच बसून होता, चावी मुठीत धरून.

"आप्पा, कप्पा उघडून बघायची माझी छाती व्हईना. तुमी बघा. दिवा इझला का?"

गुंडप्पा दुसऱ्या दारानं आत वाकला. कप्प्याचं झाकण त्यानं बोटभर उघडलं. तांबूस, मरगळलेला, पण दिवा जळत होता. बॅटरीत स्टार्टरपुरतं उरलं नव्हतं, दिव्याला मात्र पुरत होतं. हे सांगितलं तर आपल्याच हातानं लावलेल्या दिव्यानं नातू नेला, हे या माणसाला जन्मभर पुरेल. आणि काल पकड आपल्या हातात होती, हे आपल्याला. त्यानं झाकणाआड हात घातला, वायर बोटाला गुंडाळली आणि हिसडा दिला.

"इझलाय," तो म्हणाला.

"तरीच," रामहरी म्हणाला, आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला.