आधी बटन

"गो संजना, हात सोड! सोड ना गो!"

संजनाने हात सोडला नाही. तिला तो सोडताच येत नव्हता. मोबाईलच्या चार्जरच्या वायरीवर तिची मूठ आवळली होती, डोळे ताठ झाले होते आणि घशातून नुसती घरघर येत होती. ओरडत होती ती तिची सासू, रंभा.

पनवेलजवळच्या या घरात मोबाईल नवाच होता. सरकारने जमिनी घेतल्या, बदल्यात प्लॉट मिळाले, पाठोपाठ रंभाचा मुलगा प्रदीप हा फोन घेऊन आला आणि गाव त्याला शेठ म्हणायला लागलं. चार्जर दुबईचा; त्याची डबी वेगळी आणि तिथून सॉकेटापर्यंत घरच्या विजेचीच वायर. त्याची पिन इथल्या सॉकेटात बसेना, म्हणून शेठनी ती कापून दुसरी जोडली. आईला आणि बायकोला मात्र रोजचा धडा: आधी बटन बंद, हात कोरडे, पायात रबरी चप्पल, पिन धरून काढायची, वायर ओढायची नाही. स्वतः मात्र घाईत वायरच ओढायचा. पिनेपाशी तांबं उघडं पडलं होतं, आणि आज संजनाने तांदूळ धुतलेल्या हातांनी तीच वायर धरली होती.

सॉकेट देव्हाऱ्याला लागून. त्यावरून रंभाने मुलाला झाडलंही होतं, "देवाम्होरं चपला घालू? लाज नाय वाटत तुला?"

आता ती धावली आणि अर्ध्यावरच थबकली. तिचा दीर गणू शेतातल्या मोटरला चिकटला, तेव्हा त्याला ओढायला गेलेली त्याची बायकोही राहिली नव्हती. बटन संजनाच्या हाताआड होतं. रंभा इतकी भ्याली की तिला देवाचं नावही आठवेना. ती उंबऱ्याशी पळाली, चपला पायात सरकवल्या, जेवणाचा लाकडी पाट उचलला आणि सुनेच्या मनगटावर जिवाच्या आकांताने हाणला. पहिल्या फटक्याने काही झालं नाही. दुसऱ्याने मूठ सुटली, संजना भुईवर कोसळली. मग रंभाने पाटाच्या कोपऱ्यानेच बटन बंद केलं.

आवाज ऐकून शेजारची आशालता दारात आली. तिला दिसलं ते एवढंच: देवापुढे चपला घातलेली सासू, हातात पाट, पायाशी निपचित सून. संजनाला दवाखान्यातून घरी आणेपर्यंत ही बातमी तिच्या माहेरी, जासईला पोचलीसुद्धा.

संध्याकाळी संजनाची आई दारातूनच कडाडली, "माज्या पोरीला पाटानं मारलंस? जनावर हाय का ती?"

प्रदीपने मान खाली घातली. रंभाने नजर पाटाकडे वळवली. मारलं हे खरंच होतं, आणि तिची भीती अजून उतरली नव्हती.

संजना अंथरुणावर उठून बसली. उजवं मनगट टम्म सुजलं होतं.

"व्हय आये, मारलं," ती म्हणाली. "म्हनून हाय मी."

तिची आई आत येऊन अंथरुणाशी बसली. आशालताने खाली मान घालून सगळ्यांना चहा आणून दिला. रंभाने बशी उचलली, पण हात असे कापत होते की चहा लुगड्यावर सांडायला लागला. संजना सरकत जवळ आली. डाव्या हाताने तिने बशी धरली आणि सासूच्या ओठांना लावली.