कड्यावरची शेळी

सावळीरामतात्यांनी जुळवलेल्या पानातली पहिली ओळ चिमट्याने उचकटली आणि छपाईचे शिशाचे खिळे ताटलीत खळखळ सांडले.

"तात्या, डोकं ठिकाणावर हाय का?" खिळे जुळवणारा इनायत धावत आला. "इतिहासाचं शेवटचं पान हाय ते! हातानं लिहिलेलं पोलिसांनी नेलं. उरलंय ते एवढ्या शिशात."

"ठाऊक आहे. मीच लिहिलंय."

सरकारने तात्यांचे साप्ताहिक बंद केले होते. संध्याकाळी छापखान्याला सील लागणार होते, आणि तात्यांच्या नावाचे वॉरंटही निघाले होते. तोवर एखादेच पान छापून झाले असते. मोकळे खिळे तर तेवढ्यापुरतेही नव्हते; सगळे इतिहासाच्या पानात गुंतले होते. नाशिकच्या इतिहासासाठी तात्यांनी अर्धे आयुष्य गावोगाव पायपीट केली होती. पण साप्ताहिकाच्या मागच्या पानावर ते मुलांसाठी गोष्टही लिहीत. गेल्या शनिवारी गोष्टीतली शेळी हरसूलच्या कड्यावर अडकली होती, आणि तिला सोडवायला उतरलेल्या रंगूच्या दोराचे पीळ सुटत चालले होते.

"एका शेळीपायी इतिहास मोडायचा?"

"इतिहासाला थांबायची सवय असते, इनायत. तुरुंगात बसून पुन्हा लिहीन. पोरं तोवर मोठी होतील."

इनायतने कपाळावर हात मारला आणि खिळ्यांपुढे बसला. तात्या सांगत गेले, तो जुळवत गेला. मध्येच त्याचा हात थांबला.

"दोर तुटला?"

"तू जुळव."

हवालदार देवराम लाख आणि मोहोर घेऊन दारात आला तेव्हा इनायत पायाने मशीन चालवत होता.

"तात्या, थांबवा. हुकूम हाय. साहेब चौकीवर वाट बघत्यात."

इनायतचा पाय थबकला. देवरामने वरचा ओला कागद उचलला. आधी त्याने तो उलटाच धरला होता. शेळीचे चित्र दिसले तसा सुलटा केला. बराच वेळ तो चित्राकडे पाहत राहिला. मग दाराबाहेर एकदा डोकावून पायरीवर बसला.

"पायाची पट्टी लय सैल झाली. आधी ही बांधतो."

त्याने वर्दीची पट्टी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोडली आणि वेढ्यावर वेढा घेत पुन्हा बांधली. मनासारखी झाली नाही म्हणून परत सोडली. मशीन चालू लागली होती. देवरामने मान वर केली नाही.

शेवटचा कागद निघाला. इनायत गठ्ठा एका जुन्या धोतरात बांधून मागच्या दाराने गेला, तेव्हा कुठे देवरामची पट्टी नीट बसली. त्याने कुलपावर लाख ओतली, मोहोर दाबली.

चौकीकडे जाताना तात्या त्याच्या मागून चालत होते. देवरामची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड दिसत होती. पाऊल पडले की आत कागद कुरकुरे.

"हवालदार, घरी कोणाला वाचून दाखवता?"

"मला कुठलं येतंय, तात्या? पोरगीच मला वाचून दाखवती." थोडे चालून गेल्यावर त्याने वळून विचारले, "उतरली ना शेळी?"

"पोरीलाच वाचू द्या," तात्या म्हणाले.